कुणाच्या पत्त्यावरून

कॉलेजचा संदेश आला होता: शिक्षण संपलेल्यांची ईमेल खाती आता बंद होणार, हवं ते काढून घ्या. भाचीनं ते जुनं खातं कित्येक महिन्यांनी उघडलं. जाहिरातींच्या ढिगाऱ्यात एकाच माणसाचे तीन मेल होते. पहिल्याची पहिली ओळ तिनं वाचली आणि चहाचा कप खाली ठेवला.

‘भिंग्या, पत्ता कुणा पोरीचा दिसतोय, पण शिव्या तुझ्याच आहेत, म्हणून ओळखलं.’

भिंग्या म्हणजे तिचे मामा. त्यांना या नावानं हाक मारणारा जगात एकच माणूस होता, त्यांचा भागीदार; आणि त्याला मामा उंट म्हणत. सूक्ष्मदर्शकं दुरुस्त करायचं दुकान दोघांनी मिळून उभं केलं होतं. मग एकदा गिऱ्हाइकासमोर मामा बोलून गेले, “याचा हात आता स्थिर राहत नाही.” उंटानं एप्रन खुंटीला अडकवला आणि गेला तो गेलाच. नंबरही बदलला. आता मामांचाच हात थरथरायला लागला होता. एका जुन्या गिऱ्हाइकाकडून उंटाचा ईमेल पत्ता मिळाला, तेव्हा त्यांनी नवा फोन घेतला आणि भाचीला बोलावणं धाडलं.

तो दिवस तिला आता लख्ख आठवला. मामा पासवर्डचा कागद शोधत होते. आधी चष्म्याच्या डबीत, मग कॅलेंडरच्या मागे. तोवर ॲप नीट चालतंय का बघावं म्हणून तिनं आपलं कॉलेजचं खातं त्यात घातलं. कागद सापडल्यावर मामांचं घातलं. आपल्या खात्याचे येणारे मेल तेवढे बंद केले, खातं मात्र काढलं नाही. मग मामांच्या फोनवरून एक मेल स्वतःच्या रोजच्या पत्त्यावर पाठवला. तिचा फोन लगेच वाजला.

“बघा मामा, पोचला!”

“कुणाचा?”

“तुमचाच की! आणखी कुणाचा?”

पाठवणाऱ्याचं नाव तिनं वाचलंच नव्हतं. आधी घातलेलं खातं हेच पाठवणारं, असं ॲपनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मामांनी एका बोटानं, घाम गाळून लिहिलेली माफी तिच्या पत्त्यावरून गेली आणि उत्तरंही तिच्याच पत्त्यावर येऊन पडली.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण उत्तर येईना म्हणून मामांनी मध्ये विचारलं होतं, “अगं, एकदा बघतेस का? काही अडकलं असेल.” स्वतःच्या फोनमधून मान वर न काढता ती म्हणाली होती, “मामा, गेला की पोचला. यंत्र खोटं बोलत नाही. त्यांनाच उत्तर द्यायचं नसेल.”

“तेही खरंच,” मामा म्हणाले होते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत साधं तापमान घ्यायचं तरी ती दुसरा थर्मामीटर लावून पडताळायची. आणि इथे माणसाबद्दलचा निकाल तिनं न बघता देऊन टाकला होता.

दुसऱ्या मेलमध्ये उंटाचा नंबर होता. ‘ये म्हणालास तर बोचकं बांधतो. भिंगं घासायचं चाक तेवढं विकू नकोस, ते दोघांचं आहे.’ तिसरा आठवड्यापूर्वीचा. ‘समजलो. तू चिडलास की निदान शिव्या तरी द्यायचास. पुन्हा त्रास देणार नाही.’

दुकानाकडे जाताना तिच्या मनात आलं, हे मेल गुपचूप मामांच्या खात्यात ढकलावेत आणि नेटवर्कचा घोळ झाला म्हणावं. मामांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. त्या विश्वासाचीच तिला शरम वाटली.

दुकानात शिरताच तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. भिंगं घासायचं चाक जिथे असायचं तिथे जमिनीत बोल्टची भोकं आणि तेलाचा डाग उरला होता.

“मामा, चाक?”

“भंगारवाल्याला दिलं काल. धूळ खात पडलं होतं. उंट काही येत नाही, आणि माझ्या हातानं तर भिंगाचं भरीत होईल.” ते हसले. “उभी का? बस की.”

ती बसली नाही. “ते आले असते, मामा. उत्तर आलं होतं. माझ्याकडे आलं. मी तुमच्या फोनमध्ये माझं खातं तसंच ठेवलं, आणि तुम्ही बघ म्हणालात तेव्हा बघितलंच नाही.”

मामांनी फोन घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि तिन्ही मेल वाचले. तिसरा पुन्हा वाचला. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

“म्हणजे तो गप्प नव्हता,” ते शेवटी म्हणाले. “आणि मी रोज त्याच्या नावानं खडे फोडत होतो.”

“माझ्यामुळे.”

“तुझ्यामुळेच,” मामा शांतपणे म्हणाले. तिची मान आणखी खाली गेली. “नंबर लाव. माझं बोट आत्ता नाही चालायचं.”

तिनं नंबर लावून आवाज मोठा केला. पलीकडून खरखरीत “कोण?” आलं.

“उंटा, मी.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग, “मेला नाहीस होय! ती पोरगी कोण?”

“भाची माझी. हुशार आहे,” मामा तिच्याकडे न बघता म्हणाले. “सगळं सांगतो. आधी तू ये.”

“चाक आहे ना?”

मामांची नजर जमिनीतल्या भोकांवर गेली, तिथून भाचीवर. “आहे की. जरा बाहेर गेलंय.”

“चाक बाहेर जातं होय रे?”

मामांनी फोनवर हात ठेवला. “पुलापलीकडचा भंगारवाला. कालचा माल तो आज फोडायला घेतो. पळ!”

उलट्यासुलट्या चपला पायात सरकवून ती धावत सुटली. मागून मामांचा आवाज येत होता, “अरे, येतंय, येतंय... तू निघ तर खरा.” पूल संपत आला तसा पलीकडून लोखंडावर घणाचा आवाज ऐकू यायला लागला.