खवलमुंड्यांचा राजा

विजयच्या बाजूने पाहिलं तर सौदा सरळ होता. एक रविवार खर्च करायचा, साहेबांना खेळात जिंकवायचं आणि बदल्यात पुणे मिळवायचं. चाकणच्या कारखान्यात डिझाइनची एक जागा निघाली होती. म्हैसूरच्या मेटगळ्ळीतल्या कारखान्यातून तिथे कुणाला पाठवायचं हे साहेब, म्हणजे गुंडुराव, ठरवणार होते. विजयची बायको मृण्मयी लग्नाआधीपासून पुण्यातच नोकरीला होती. दीड दिवसाच्या संसारासाठी तो रात्रभर बसमधून जायचा आणि परत आला की चरकातून दोनदा काढलेल्या बन्नूरच्या उसासारखा दिसायचा.

खेळाचं वेड गुंडुरावांच्या मुलीचं, स्पंदनाचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातला एकेक माणूस व्हायचं, आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. तिच्या संध्याकाळच्या खेळात विजय अशी गोष्ट छान सांगतो हे लेकीकडून कळल्यावर गुंडुराव कँटीनमध्येच म्हणाले, "आमच्या घरी ठेव की रे. मीपण बसतो. सुम्ने, उगाच टीव्ही बघून काय करायचं, अल्वा?"

गुंडुरावांचं घराणं पूर्वी म्हैसुरात कापडं रंगवायचं. आता त्यांच्या केबिनबाहेर माणसांचे रंग बदलतात.

विजयने शत्रू निवडले खवलमुंडे. माणसाचं धड, माशाचं डोकं, मानेवर उघडझाप करणारे कल्ले आणि हातात हाडाचे त्रिशूळ. तळ्याखालच्या गुहांत राहणारी जात. पापण्या नाहीत, त्यामुळे डोळा मिटत नाही आणि विश्वास तर कुणावरच बसत नाही. खेळाच्या पुस्तकात ही जात भयंकर होती. विजयने आदल्या दिवशी बसून तिचे दात काढून ठेवले.

एवढं करूनही खवलमुंड्यांनी साहेबांवर केलेल्या पहिल्याच हल्ल्यात फाशावर एकोणीस पडले, म्हणजे वार जिव्हारी. फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागे होता. विजय म्हणाला, "चार. हुकला!" शेजारी बसलेल्या स्पंदनाने नुसती मान तिरकी केली.

गुंडुरावांना तेवढ्यात सूर सापडला होता. "थांबा रे. भांडण बेडा. मी बोलतो ह्यांच्याशी. मी सुम्ने उभा राहून बघतोय त्यांच्याकडे."

ती नजर विजयच्या ओळखीची होती. ड्रॉइंगमध्ये चूक सापडली की साहेब असंच बघायचे. घाईघाईने त्याने सांगून टाकलं, की डोळ्याची पापणी न हलवणारा माणूस खवलमुंड्यांनी कधी पाहिला नव्हता, त्यांनी त्रिशूळ खाली टाकले आणि साहेबांना राजा केलं. निनादने टाळ्या वाजवल्या. निनाद विजयच्याच विभागातला, साहेबांच्या शब्दावर हसण्यात सगळ्यांच्या अर्धा सेकंद पुढे.

विजयला वाटलं, वसुली झाली. "साहेब, चाकणबद्दल जरा बोलायचं होतं..."

"बोलू की. आधी हे सांग, एवढे खवलमुंडे खातात काय?"

तिथून गाडं अडलं. पुढच्या रविवारी राजाने गुहेची पाहणी केली. "सगळे एकाच वेळी झोपतात? मग गेटवर कोण? शिफ्ट लाव." त्याच्या पुढच्या रविवारी राजाने शेवाळाची लागवड सुरू केली, निनादला सेनापती केलं आणि आळशी खवलमुंड्यांना समज दिली. प्लेटीत मद्दूरवडे येत होते, राज्य भरभराटत होतं आणि विजयचा गुडघा टेबलाखाली शिवणयंत्रासारखा हलत होता.

रविवार खेळात जायला लागल्यापासून पुण्याची बस सुटलीच होती. "मागितलंस का?" मृण्मयी फोनवर विचारायची.

"राज्य जरा स्थिर होऊ दे."

"कुणाचं?"

"माशांचं."

मग त्याला पंख्याचा आवाज ऐकू यायचा, पुण्यातला.

एकदा चपला घालताना स्पंदनाने त्याला गाठलं. "अण्णा, तुम्ही आकडे खोटे सांगता. पहिल्याच दिवशी अप्पा मेले पाहिजे होते."

"हळू बोल गं!"

"मारा की. हरले की ते दुसरं काहीतरी शोधतात. कॅरम तसाच सुटला त्यांचा."

चाकणसाठीचं नाव सोमवारी जायचं होतं. रविवारी विजयने पुठ्ठा घरीच ठेवला. फासे सगळ्यांसमोर पडतील, म्हणजे आपली जीभ घसरायला नको. तळ्याच्या तळातून त्याने एक आंधळी मगर वर काढली, अख्खं राज्य गिळण्याएवढी. तिने शेपटी उचलली, राजावर, आणि फासा मद्दूरवड्याच्या प्लेटीला आपटून थांबला. वीस.

"साहेब..." विजय म्हणाला. सुटलो, असंच त्याला वाटलं.

"माझा सेनापती मध्ये उडी मारतो!" निनाद खुर्चीतून अर्धा उठला होता.

कारखान्यात साहेबांवर काही कोसळताना दिसलं की जवळचा माणूस आडवा जातो. पाय आपोआपच उचलला जातो. हे विजयला आठवायला हवं होतं, त्यानेही कमी वेळा उचललेला नव्हता. नियमात ते बसत होतं. सेनापती मेला, राजा वाचला, आणि खवलमुंड्यांनी मगर त्रिशूळांनी फाडली. गुंडुरावांनी चष्मा काढून पुसला. स्पंदनाने कपाळाला हात लावला.

विजय आता थांबू शकत नव्हता. "साहेब, चाकणला मला पाठवा. बायको तिथे आहे."

"अय्यो, माहीत आहे की रे. ह्या खेळाच्या आधीच तुझं नाव ठरवलं होतं मी."

"मग?"

"मग काय मग? तू गेलास तर गोष्ट कोण सांगणार? हे लोक माझ्यावर भरवसा ठेवून बसलेत." 'हे लोक' म्हणजे तळ्याखालचे. गुंडुराव निनादकडे वळले. "निनादला पाठवतो. त्याचं तर आता राज्यात काही कामच उरलं नाही. आय्तु, ठरलं?"

निनाद अर्धा सेकंद लवकर हसला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. त्याने गेल्याच महिन्यात हुणसूर रोडला फ्लॅट घेतला होता. त्याची बायको म्हैसूरच्याच शाळेत शिकवत होती.

तेव्हा कुणी किती भरलं ते पाहू. गुंडुरावांचं काही गेलं नाही, उलट राज्य राहिलं. निनादने एक सेनापती दिला, राहतं घर दिलं आणि नको असलेलं पुणे घेतलं. विजयने सगळे रविवार दिले. आणि जिने खवलमुंडा कधी पाहिला नाही, फासा हातात धरला नाही, जिला कुणी खेळायला बोलावलंही नाही, त्या मृण्मयीने बाकीचं सगळं भरलं.