‘गामलेस्टोल’वरची पायपेटी

मागच्या ऑक्टोबरात श्यूरचा फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होतो.

“आइलिव, आमची तबकडी पुन्हा निघतेय. तीस वर्षं झाली. या खेपेला वेष्टनावर तुझं नाव घालायचं का?”

विचार करून सांगतो, मी म्हणालो. माझं हे नेहमीचंच. चौतीस वर्षं ग्रंथालयात काढली, तिथे ‘अमुक पुस्तक आहे का’ असं विचारणाऱ्यालाही मी बहुधा हेच सांगितलं असेल.

“आणि एक. छापायच्या आधी ती प्रार्थनाघरात वाजवावी असं आम्हाला वाटतं. जिथे झाली तिथेच. पण मंडळाची बोर्गहिल नाही म्हणते. कडी उचकटून शिरणाऱ्यांना ते घर पुन्हा उघडणार नाही म्हणते.”

एवढं बोलून तो थांबला. तो काय मागतोय ते मला कळलं. ते त्याला तोंडानं मागायचं नव्हतं, हेही कळलं.

१९९५च्या फेब्रुवारीतली गोष्ट. श्यूर तेव्हा एकोणीस वर्षांचा. खांद्याखाली केस आणि हिवाळाभर अंगात तेच चामडी जाकीट. ग्रंथालयातून डोंगरातल्या भुताखेतांच्या कथा न्यायचा आणि वेळेवर परत करायचा. तो, औदुन आणि ग्रेगार असा तिघांचा बँड होता, ब्लॅक मेटल वाजवणारा. त्या वर्षांत देशात काही लाकडी चर्चं जळली होती, आणि जाळणाऱ्यांत असलंच संगीत वाजवणारी काही पोरं निघाली होती. त्यामुळे लांब केसांच्या पोराकडे आमच्या खोऱ्यात लोक काडेपेटीकडे बघावं तसं बघत.

एके दिवशी तो माझ्या टेबलापाशी रेंगाळला. “आई म्हणते, प्रार्थनाघरात तू एकटा असलास की पेटीवर काहीतरी वेगळंच वाजवतोस.”

त्याची आई ओस्ने तिथली जमीन पुसायची. ती ऐकत असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

“काही नाही गं... काही नाही रे, असंच,” मी गडबडून म्हणालो.

“तेच पाहिजे. असंच.”

माझ्याकडे असं काही कुणी कधी मागितलं नव्हतं. बुधवारच्या सभेला पायपेटी मी वाजवायचो, म्हणून किल्ली माझ्याकडे असे. मंडळाला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर बोर्गहिल नाही म्हणाली असती. म्हणून मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी दोन खुर्च्यांवर चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर ठेवला आणि कोटाच्या खुंटीला एक मायक्रोफोन टांगला.

“एवढ्यानं होईल?” मी विचारलं.

“वाईटच ऐकू आलं पाहिजे,” औदुन गंभीरपणे म्हणाला. “डोंगरापलीकडून आल्यासारखं.”

“तू वाजवलंस की आपोआप तसं येतं,” ग्रेगार म्हणाला.

मग ते सुरू झाले. पहिल्या गाण्याला मी कानांवर हात ठेवले. ड्रम धावत होते, श्यूर किंचाळत होता. पण हळूहळू लक्षात आलं, की या धावपळीच्या आत काहीतरी अगदी सावकाश चाललंय. जोराचं वादळ असलं की त्याच्या पोटात एक संथ घुमणं असतं ना, तसं. तबकडीला त्यांनी नाव दिलं ते ‘गामलेस्टोल’, म्हणजे आमच्या डोंगरावरचा ओसाड उन्हाळी गोठा. माझ्या लहानपणी तिथे गाई असत. त्या पोरांनी तो फक्त पडका पाहिलेला. तरी त्यांच्या त्या कोलाहलात मला तिथला चुलीचा धूर आणि ओलं गवत आठवलं. हे मला नीट सांगता येत नाही, आणि कदाचित मी नंतर मनानेच जोडलेलं असेल.

शेवटी मी वाजवलं, अकरा मिनिटं. बोटं गारठली होती, पायाखालचा भाता करकरत होता. थांबू का, म्हणून मी मान वळवली, तर श्यूरचे डोळे मिटलेले. चांगलं वाजवलं की वाईट, सांगता येणार नाही. पण त्या अकरा मिनिटांत मी स्वतःबद्दल एकदाही शंका घेतली नाही. त्याआधी किंवा त्यानंतर असं झालेलं मला आठवत नाही.

मग त्यांना फोटो काढायचा होता. तिघांनी प्रेतासारखी पांढरी तोंडं रंगवली, डोळ्यांभोवती काळं फासलं. रंग थंडीनं तडकायला लागला म्हणून मी लाकडांचा स्टोव्ह पेटवला, पण धुराड्याची झडप उघडायला विसरलो. आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही झडप ठाऊक असते. मी अजून त्या अकरा मिनिटांतच होतो.

खोली धुरानं भरली. आम्ही खिडक्या उघडल्या. नदीपलीकडून कुणीतरी खिडक्यांतून निघणारा धूर आणि दारात औदुनची गाडी पाहिली. झालं! दहा मिनिटांत निम्मं खोरं बादल्या आणि फावडी घेऊन हजर. त्यांत खांद्यावर ओली घोंगडी घेतलेली बोर्गहिल. तेवढ्यात दारातून, धुरातून, तीन मुडदे खोकत बाहेर आले.

“झडप!” ग्रेगार ओरडत होता. “नुसती झडप!”

मी कुठे होतो? मी स्वयंपाकघराच्या दारानं निघून जळणाच्या खोपटामागून वळसा घातला, आणि गर्दीत मागून सामील झालो. कुणीतरी माझ्या हातात बादली दिली. मी ती पुढे सरकवली.

“आत कसे शिरलात?” बोर्गहिलनं विचारलं.

श्यूरची नजर माझ्यावरून गेली. थांबली नाही.

“कडी उचकटली,” तो म्हणाला.

ओस्ने तिथेच उभी होती. पुढच्या आठवड्यात तिनं ते काम सोडलं, आणि प्रार्थनाघरात पुन्हा कधी आली नाही. रस्त्यात भेटली की माझ्याशी नेहमीसारखंच बोलायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

‘गामलेस्टोल’ पुढे जपानपासून पोलंडपर्यंत गेली म्हणे. तिच्यावर सगळ्यांची नावं आहेत आणि पायपेटीपुढे नुसती एक रेघ. ती रेघ मीच मागून घेतली होती.

फोननंतर चार दिवस मी विचार केला. पाचव्या दिवशी बोर्गहिलकडे गेलो. ती चौऱ्याऐंशीची आहे, मंडळ अजून तीच चालवते. तिनं कॉफी ओतायला घेतली.

“कडी कुणी उचकटली नव्हती,” मी म्हणालो. “किल्ली मी दिली होती. स्टोव्हही मीच पेटवला.”

तिनं कॉफीची किटली टेबलावर टेकवली. “आणि झडप?”

“विसरलो.”

“अरे, पण बादली! मी माझ्या हातानं तुला बादली दिली होती, आइलिव!”

“दिली होतीस.”

“आणि तू घेतलीस?”

“घेतली.”

“तीस वर्षं त्या पोराला दुकानात बघून मी मान फिरवते. तीस वर्षं!” मग ती हळू म्हणाली, “ओस्नेला सांगितलंस कधी?”

“नाही.”

“मग मला एकटीला सांगून काय करतोस? उभा राहून सांग.”

आमच्या प्रार्थनाघरात ती रीत आहे. ज्याला आपल्या आयुष्याबद्दल सांगायचं असतं, तो सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो. दारूबद्दल, भावाशी झालेल्या भांडणाबद्दल, जे असेल ते. पन्नास वर्षांच्या बुधवारांत मी ते सगळं लोकांकडे पाठ करून, पेटीच्या स्टुलावर बसून ऐकलं. उभा एकदाही राहिलो नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी लोक जमले. काळे शर्ट घातलेले, दाढ्या पिकलेले पंधराएक चाहते ऑस्लोहून आले होते. त्यांच्या मधेमधे आमच्या गावच्या म्हाताऱ्या, मांडीवर तपकिरी चीज घातलेल्या वॉफलच्या बशा घेऊन. ग्रेगारला आता टक्कल पडलंय.

“आता केस नाहीत, तर मग ओळखणार कोण तुला?” एक म्हातारी त्याला म्हणाली.

“रंग फासू का?” त्यानं विचारलं.

श्यूर नमुन्याची तबकडी लावायला निघाला, तेव्हा बोर्गहिल म्हणाली, “आधी आइलिवला बोलायचंय.”

मी उठलो. कागदावर लिहून आणलं होतं, पण अक्षरं दिसेनात. चार-पाच वाक्यं बोललो असेन. किल्ली मी दिली, धूर माझ्यामुळे झाला, मी मागच्या दारानं पळालो, श्यूर माझ्यासाठी खोटं बोलला. “आणि ओस्ने काही कारण नसताना लाजेनं घरी बसली,” मी म्हणालो. “ते माझ्यामुळे.”

श्यूर तबकडीजवळ उभा होता, सुई धरलेला हात तसाच अधांतरी.

“हे तिनं ऐकायला हवं होतं,” तो शेवटी म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“हो,” मी म्हणालो.

“नाव घालू?”

“घाल.”

“पूर्ण?”

“पूर्ण. शेताच्या नावासकट.” आमच्याकडे शेताचं नाव आडनावासारखं लावतात.

त्यानं मान हलवली आणि सुई टेकवली. नुसती खरखर ऐकू यायला लागली.

“बिघडलंय का रे?” मागून एका म्हातारीनं विचारलं.

“नाही. असंच आहे ते,” श्यूर म्हणाला.

मी खाली बसायला हवं होतं. पण श्यूरही उभाच होता, म्हणून मीही तसाच उभा राहिलो.