कासुर्डीचं पिल्लू

बेगमभाभीचा फोन आला तवा मी गवार तोडत होते. "सुलक्षणा, पिल्लं आता दूध सोडून खायला लागली. रविवारी या घेऊन जायला," एवढं ती म्हणाली आन् मी गवारीची पाटी तिथंच टाकून बांधावरनं घराकडं पळत सुटले. पस्तिशी आली माझी, पोरगी शाळंत जाती, तरी पळाले. कुणी बघितलं असंल तर बघू द्या, मला काय त्याचं!

मला लहानपणापासनं कुत्रं पाहिजे होतं. माहेरी इनामगावला बाप म्हणायचा, आधी तुमची पोटं भरू द्या. लग्न होऊन मांडवगणला आले तर सासूबाई म्हणाल्या, घरात बैल हायेत, गाया हायेत, तुला आनखी काय पाहिजे? आता मी काय डोरलं मागितलं का पैठणी मागितली? एक कुत्रं! ह्या घरात आल्यापासनं सोतासाठी मागितलेली ती एकच गोष्ट.

त्यात आमचे हे, सत्यजीत, ट्रॅक्टरचं टायर बदलायला कासुर्डीला अयुबभाईंच्या दुकानात गेले आन् तिथल्या राणी कुत्रीच्या पिल्लांचा फोटो घेऊन आले. फोटो बघितला आन् माझा जीव त्यातच अडकला. अयुबभाईंची बायको, बेगमभाभी, पिल्लू द्यायला तयार झाली, पन तिनं एक अट घातली.

"राणीची दोन पिल्लं मी मागं तुमच्याच भागात दिली होती, नदीकाठाला. लोकांनी वसरीवर बांधली आन् दोन्ही बिबट्यानं नेली. आता पिल्लू देईन ते घरात झोपवनाऱ्यालाच. आन् ते तू सांगून भागायचं न्हाई. घरातल्या थोरल्या बाईनं माझ्यासमोर येऊन सांगायचं."

तिचं काय चुकलं? आमच्या वस्तीला तिन्ही बाजूंनी ऊस. दिवस मावळला की आम्ही मानसंच दाराबाहेर पडत न्हाई, तिथं पिल्लाची काय कथा.

पन घरातली थोरली बाई म्हंजी सोजराबाई, माझी सासू. मी त्यांना आत्या म्हणते. मधल्या घरात त्यांचा देव्हारा. अट ऐकली आन् त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "उंबऱ्याच्या आत कुत्रं? मी जित्ती हाय तवर न्हाई."

आत्यांना खोटं बोलायला सांगायची तर सोयच न्हाई. भाचीला बघायला पावनं आलं तवा "पोरगी चांगली हाय, पन आळशी हाय" असं त्यांच्या तोंडावर सांगितलेली बाई ती. म्हंजी रविवारपातूर आत्यांचं मन वळलं तर पिल्लू, न्हाई तर रिकाम्या हातानं घरी.

तरी तयारी काय थांबली न्हाई. मी म्हणलं, मानसानं आशा धरावी. ह्यांनी जुन्या फळ्या ठोकून पायरीला फाटक केलं. खाली लोंबनाऱ्या वायरी वर गेल्या, चपला फळीवर गेल्या. जनावरांच्या डॉक्टरला विचारून मी लसीचा दिवस ठरवला. प्राची, माझी पोरगी, मोबाईलवर व्हिडिओ बघून घरच्यांना शिकवनी द्यायला लागली. "सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. ये म्हंजी ये. थांब म्हंजी थांब. मारायचं न्हाई. ऐकलं की लगेच खाऊ द्यायचा." सराव तिनं शेळीवर केला. शेळीसमोर गुळाचा खडा धरून ती "बस, बस" म्हणत होती. शेळी काय बसली न्हाई. रानातनं दमून आलेले मामा मात्र "बसतो की बाई" म्हणून गुमान बाजेवर बसले. हसून हसून आमच्या पोटात दुखायला लागलं.

मामा म्हंजी माझे सासरे, पोपटराव. बैलगाडा शर्यतीमुळं त्यांना सारा तालुका वळखतो. कुत्रं कवा पाळलं न्हाई, पन खोंडं किती तयार केली त्याला गिनती न्हाई. मग काय, पिल्लू येनार म्हणल्यावर त्यांनी खोंड येनार असल्यासारखीच तयारी धरली. तांबड्या-पिवळ्या सुताचा कासरा वळला, बारकी घुंगरं ववली, खारीक आन् उडदाचं पीठ काढून ठेवलं.

"अवो मामा, जुलाब हुतील त्याला!"

"तुला काय कळतंय? हाडात ताकद भरली पाहिजे."

"त्याला काय गाडा वढायचाय का?"

मामा गालात हसले आन् उडदाच्या डब्याचं झाकण लावलं. माझी पाठ वळल्यावर त्यांनी ते परत उघडलं असनार, मला खात्री हाय.

आत्या मात्र जागच्या हलंनात. मधल्या घराच्या कोपऱ्यात मी पिल्लासाठी जुनी गोधडी घडी घालून ठेवली. पानी भरून येते तर गोधडी वसरीवर. मी परत आत आणली. जेवनं झाली तर परत वसरीवर! तोंडानं दोघीपन बोलत न्हवतो, गोधडीवरच भांडान चाललं होतं. शनिवारी माझा तोल सुटला.

"आत्या, तुम्हाला न्हाईच म्हणायचं असंल तर उद्या येऊच नका!"

"येनार," आत्या म्हणाल्या. "बोलावलंय मला. आन् खरं हाय ते सांगनार."

रविवारी पिकअपमधनं निघालो, गाडी हे चालवत होते. भीमेचा पूल वलांडला, केडगाव मागं पडलं, चौफुल्यावरनं हायवेला लागलो. मागं मामा आन् त्यांचा पुतन्या पप्पू. पप्पूजवळ पोतं बघून मी विचारलं, त्यात काय हाय? "काय न्हाई वैनी," म्हणाला. प्राची माझ्या मांडीवर उड्या मारत होती आन् खरं सांगू का, आतनं मीपन उड्या मारत होते. शेजारी आत्या डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसलेल्या. त्यांच्याकडं बघितलं की धडकी भरायची, पिल्लाचा फोटो आठवला की परत आनंदाला उधाण.

अयुबभाईंचं दुकान हायवेला, पाठीमागं भिंतीचं आवार. आवारात जुन्या टायरांचा ढीग आन् ढिगाच्या सावलीला राणी आडवी पडलेली. तिच्याभवती चार पिल्लं लोळत होती. आई गं! एक तर असलं गबदुल, काळंभोर, छातीवर पांढरा ठिपका. चालताना त्याचं मागचं अंग पुढच्याच्या आधी पोचायचं. मी खालीच बसले.

बेगमभाभी आत पीठ मळत होती. तिची पोरगी सना सगळ्यांना चहा देऊन गेली. तेवढ्यात मामा उठले. त्यांना राहवंना झालं असनार. खोंड पारखावा तसं त्यांनी एकेक पिल्लू पारखलं. दात बघितलं, पाय दाबलं, पाठीवरचं भवरं तपासलं, शेपटी तर दोनदा सरळ करून बघितली. काळ्याला वशिंड असतं तर तेपन चाचपलं असतं. मग खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकून अयुबभाईंपुढं केला, बाजारात दलाल टॉवेलाखाली बोटं धरून भाव ठरवतात तसा.

अयुबभाई हसायलाच लागले. "मामा, हे काय विकायचं हाय व्हय? असंच न्यायचं."

"असंच? मग ठरलं!" मामा वरडले.

आन् आमच्यात बैल ठरल्यावर जे करतात ते त्यांनी केलं. खिशातनं मूठभर गुलाल काढून पिल्लावर उधळला, पप्पूनं पोत्यातनं हलगी काढून कडकडाट केला, मामांनी तोंडापुढं हात धरून शर्यतीच्या घाटातली आरोळी ठोकली, "झाली, झाली, झाली! भिर्रर्र!"

पिल्लांची दानादान उडाली. राणी दात काढून भुंकायला लागली. माझं काळं पिल्लू गुलालानं तांबडं होऊन टायरांच्या ढिगात घुसलं ते दिसंनाच. बेगमभाभी पिठाच्या हातानंच भाईर आली.

"बंद करा ते!" हलगी जागच्या जागी थांबली. "अवो मामा, दुधातनं आत्ता उठलेली पिल्लं ही! त्यांच्या कानाशी हलगी? डोळ्यात गुलाल?" मग माझ्याकडं वळली. "सुलक्षणा, राग मानू नको. पिल्लू न्हाई मिळायचं. तुमच्या घरात बारक्या जिवाला ठेवायचं कसं हेच कुणाला ठावं न्हाई."

माझ्या डोळ्याला पानीच आलं. तिचं खोटं न्हवतं. मामांनी टॉवेलानं तोंड पुसायचं सोंग केलं. प्राची माझ्या मागं लपून मुसमुसायला लागली.

तवर गप बसून चहा पिनाऱ्या आत्यांनी बशी खाली आपटली.

"काय म्हणलीस? आमच्या घरात ठावं न्हाई?" त्या कमरेवर हात ठिऊन उठल्या. "अगं, सोजराबाईच्या घरात जनावर कवा दुखावलं न्हाई! आमच्या सर्जाचं नाव काढ जा पार जुन्नरपातूर. शर्यतीच्या आदल्या दिवशी कुणी त्याला काय खाऊ घालू नये, कुणाची नजर लागू नये म्हणून त्याला मधल्या घरात बांधत हुतो आम्ही! माझ्या देव्हाऱ्याम्होरं! तो आत आन् मी वसरीवर. त्याचं श्यान ह्या हातांनी काढलंय, परत सारवलंय, आन् तू मला सांगती जीव कसा ठेवायचा?"

हायवेवरनं एक ट्रक हॉर्न मारत गेला.

मी लग्न होऊन आले तवा शर्यतींवर बंदी होती. त्याच्या आधीचं हे मला कुनी कधी बोललंच न्हवतं.

"आत्या," मी म्हणलं, "बैल? मधल्या घरात?"

"व्हय. मग?" असं म्हणल्या आन् आपन काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. तोंड उघडं ते उघडंच. मामा आभाळाकडं बघायला लागले.

बेगमभाभीचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं हसू दाबलं ते मला दिसलं. "मावशी, सर्जा केवढा होता हो?"

"केवढा म्हंजी? मान तिरकी केल्याबिगर दारातनं शिंगं मावायची न्हाईत."

"आन् हे पिल्लू केवढं हाय?"

आत्या टायरांकडं बघत राहिल्या. एका टायरातनं तांबडं झालेलं नाक तेवढं भाईर दिसत होतं. "बैलाची गोष्ट येगळी," त्या म्हणाल्या, पन आवाजात दम न्हवता.

"मावशी, मी राणीला नमाजाच्या खोलीत येऊ देत न्हाई," बेगमभाभी जवळ येऊन बसली. "पन दुकानाच्या शटरच्या आत झोपवते. बारकी होती तवा रोज त्या उंबऱ्याशी बसून शिकवलं, हितनं पुढं न्हाई. आता तुम्ही मटान टाकलं तरी पुढं पाय टाकायची न्हाई. शिकतात ती. शिकवनारं मानूस घरात लागतं."

आत्यांनी पदर सारखा केला आन् टायरातल्या त्या नाकाकडं परत बघितलं. ह्या बाईनं एकदा शब्द दिला की तो दगडावरची रेघ, आन् न्हाई म्हणली तर तीपन दगडावरची रेघ.

"देव्हाऱ्याच्या फळीपाशी न्हाई यायचं त्यानं," आत्या म्हणाल्या.

"न्हाई यायचं."

"चुलीपाशी न्हाई."

"न्हाई."

"मग झोपंल आत."

"कुणाच्या घरात, मावशी?"

"माझ्या घरात! आनखी कुणाच्या?" आत्या खेकसल्या.

मी आनंदानं अशी किंचाळले की पिल्लू टायरात आनखी आत गेलं. आता ते भाईर येईना. मामा हात घालायला निघाले तर बेगमभाभीनं त्यांना अडवलं. "कुणी वढायचं न्हाई. सुलक्षणा, तू खाली बस. हाक मार आन् वाट बघ."

मी मातीत बसले, सनानं दिलेला भाकरीचा तुकडा तळहातावर ठेवला आन् म्हणलं, "ये." नाक दिसलं, गेलं. परत म्हणलं, "ये." एक कान आला. सगळी मानसं श्वास धरून उभी होती, मामासुद्धा. मग ते एकदम आलं, पायात पाय अडकून माझ्या मांडीवर आपटलं, भाकरी खाल्ली आन् माझी बोटं चाटायला लागलं. त्याची जीभ गरम होती. एवढी वर्षं मागत होते ते माझ्या मांडीवर होतं आन् मी वेड्यावानी रडत होते.

घरी पोचलो तवा दिवस कलला होता. पिल्लाला पुसून काढलं, भात खाऊ घातला. थोडा येळ ते नाचलं, मग त्याला आई आठवली आन् ते कण्हायला लागलं. मधल्या घरात गोधडीवर त्याला घेऊन बसले. प्राची "थांब" शिकवायला लागली. म्हणलं, बाई, आज त्याला रडू दे. उसाकडनं कोल्हेकुई आली. मामांनी भाईरचा दिवा लावला आन् सगळे आत आले.

आत्या चुलीपाशी भाकरी थापत होत्या. तिथनंच त्यांनी हाक मारली, "सुलक्षणा, दार लावलं का गं?"

"लावलं आत्या."

"कडी?"

"घातली."

"समदी आत हायेत न्हवं?"

मी मोजायला लागले. "मामा हायेत, हे हायेत, प्राची हितंच हाय..."

"अगं, मानसांचं कुठं इचारती मी," आत्या म्हणाल्या.

"आत हाय आत्या," मी म्हणलं.