निळ्या चेंडूला लागलेली बाही

काटेवाडीची राजेश्वरी आणि इंदापूरची स्वरदा बारामतीत हिंदुरावांच्या क्लबातल्या एकुलत्या स्नूकर टेबलावर तयार झाल्या. सात वर्षं त्या एकमेकींना हरवत राहिल्या. मग पुण्यातल्या निवड स्पर्धेचा अंतिम सामना दोघींतच लागला. जिंकेल ती भारताच्या संघात.

शेवटच्या फ्रेममध्ये तपकिरी चेंडू मारायला राजेश्वरीला निळ्यावरून वाकावं लागलं. तिच्या बाहीचं टोक निळ्याला लागलं. चेंडू जागचा हलला नाही, पण मनगटाला कळलं. चेंडूला नुसतं कापड लागलं तरी तो फाऊल, आणि पाळी समोरच्या खेळाडूची. पंच पलीकडच्या बाजूला होते, त्यांना दिसलं नाही. अशा वेळी खेळाडूनं आपणहून सांगायचं, ही या खेळाची रीत. राजेश्वरी क्षणभर थांबली, आणि तिनं फटका मारला. तपकिरी गेला, निळा गेला, गुलाबीही गेला, आणि सामना तिचा झाला.

स्वरदानं हात मिळवला. "छान खेळलीस, राजू."

राजेश्वरी परदेशात खेळली, पदकं आणली. स्वरदानं खेळ सोडला आणि पुढच्या वर्षी ती डेंग्यूनं गेली. बातमी कळली तेव्हा राजेश्वरी दोह्यात सामन्याला निघाली होती.

त्यानंतर निळा चेंडू आड आला की तिचा हात अडायचा. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या तरी मनगटाशी कापड घासल्यासारखं वाटायचं. सोपे चेंडू चुकू लागले. दोन वर्षांत तिचं संघातलं नाव गेलं.

एका सकाळी ती इंदापूरला स्वरदाच्या आईकडे गेली. अनसूयाकाकू गवार निवडत होत्या.

"काकू, त्या सामन्यात माझा फाऊल झाला होता. मी बोलले नाही."

"माहीत आहे. तिनं बघितलं होतं."

"मग ती का नाही बोलली?"

"म्हणाली, राजू सांगेल उद्या. मग म्हणाली, या आठवड्यात सांगेल." काकूंचे हात थांबले. "दवाखान्यात, तापातसुद्धा विचारायची, राजूचा फोन आला का?"

काकूंनी पाणी दिलं. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

त्याच दिवशी राजेश्वरीनं स्नूकर संघटनेला सगळं लिहून कळवलं. निकाल बदलणार नाही, असं उत्तर आलं, आणि एक वर्षाची बंदी.

तिचे वडील गेणबा एमआयडीसीतल्या दूध कारखान्यातून घरी आले ते चिडूनच. "कुणी बघितलं न्हवतं, मग कशापायी लिवलंस?"

"स्वरदानं बघितलं हुतं, आबा."



आता ती रोज दुपारी क्लबात एकटीच सराव करते. हात पुन्हा सरळ चालतो. पण चेंडू चुकला की ती टेबलापासून बाजूला होते आणि भिंतीला टेकून उभी राहते, चांगली दोन-तीन मिनिटं. हिंदुरावांनी एकदा विचारलं, "पोरी, थांबलीस का गं?"

"पाळी माझी न्हाय," ती म्हणाली.