दारातून मारलेली हाक

मी नावं कोरायचं एक जुनं यंत्र आहे. माझी एक सुई पितळी अक्षरांवरून फिरली, की दुसरी सुई तीच अक्षरं पेल्यावर किंवा वाटीवर कोरते. नव्या बाळांच्या कितीतरी पेल्यांवर मी त्यांची पहिलीवहिली नावं घातली आहेत. मित्रांनो, त्यात तुमच्यापैकी काहींच्या आई-बाबांचीही असतील.

माझे मालक हाताने हलके होते, जिभेने मात्र नव्हते. चिठ्ठीवरचं नाव वाचलं की ते दुकानाच्या दारात जायचे आणि रस्त्याकडे तोंड करून खणखणीत हाक मारून बघायचे. हाक जमली तर नाव पास. आई-बाबांच्या नावांचे तुकडे जोडलेलं किंवा हौसेने एखादं अक्षर जास्तीचं घातलेलं नाव आलं, की त्यांनी नाक मुरडलंच म्हणून समजा. गिऱ्हाइकं हसायची. मलाही तेव्हा मजा वाटायची, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी एक तरुण बाप आला. दाढी वाढलेली, हातात छोटा पेला आणि चार घड्या घातलेली चिठ्ठी. तसलं नाव आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. मालकांनी दारात जाऊन मुद्दाम सूर लांबवून हाक मारली. समोरचा शिंपी हसला, जाणारे-येणारे हसले.

"अहो, हे नाव आहे की खोकल्याचं औषध?" मालक म्हणाले. "पोरगी शाळेतून रोज रडत घरी येईल."

त्याचे कान लाल झाले. त्याने पेला मालकांपुढे सरकवला. मग हळूच म्हणाला, "तुम्हीच एखादं चांगलं घाला."

मालकांनी चारचौघींत खपून जाईल असं नाव निवडलं आणि मी ते कोरलं. माझी रेघ जराही हलली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. चिठ्ठी तिथेच राहिली आणि संध्याकाळी केरात गेली.

महिन्याभराने एक आजी आल्या. त्या बाळाच्या आईची आई. त्यांना ती चिठ्ठी हवी होती. त्यांची लेक बाळंतपणात गेली होती. आदल्या दिवशी तिने स्वतः जुळवलेलं नाव लिहून नवऱ्याकडे दिलं होतं. बाळ आल्यावरच सगळ्यांना सांगू, असं तिने ठरवलं होतं.

"जावयांना विचारलं की ते उठून बाहेर जातात," आजी म्हणाल्या. "तुम्ही वाचलं होतंत ना? मला एकदा सांगा."

मालक दारापर्यंत गेले. त्यांनी तोंड उघडलं, पण नाव काही येईना. ते परत आले आणि खाली मान घालून म्हणाले, "मी हसलो होतो, तेवढंच आठवतंय."

आजी आल्या पावली परत गेल्या. त्यानंतर मालकांनी कुठल्याच नावाची हाक मारून पाहिली नाही. पुढे त्यांचे हात थरथरू लागले, दुकान बंद झालं. आता मी फडक्याखाली धूळ खात पडलो आहे.

मित्रांनो, कुणाचं नाव कानाला वेगळं लागलं, तर हसू जरा आवरा. ते कुणी ठेवलं, एवढं आधी विचारा. त्या चिठ्ठीवरचं नाव मला अजून पाठ आहे. पण कुणी अक्षरं लावून दिल्याशिवाय मला काही लिहिता येत नाही, आणि ती मुलगी आता मी कोरलेल्या नावाला ओ देते.