चहा ठेव, निघालो

"काका, आवाजात परत टकटक येतेय," काचेपलीकडून निवेदिका म्हणाली.

रेडिओ केंद्राच्या ज्या तंत्रज्ञांना सगळे वायरकाका म्हणत, त्यांनी हेडफोन कानावरून सरकवला. वायरींचं जंजाळ काढून आवाज आता कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून जाणार होता. मिक्सर एका कंपनीचा, नवं यंत्र दुसरीचं, आणि दोघांचं मुळीच पटत नव्हतं.

"आवाजाचा ठेका धरायला दोघांच्या पोटात एकेक घड्याळ, आणि दोघंही म्हणतात, माझंच खरं. एकाला माघार घ्यावी लागेल."

"म्हणजे घरच्यासारखंच की!"

"घरी मीच घेतो," काका बोलून गेले. आता भांडायला तरी कोण होतं? काकूंना हळूहळू सगळ्याचा विसर पडत चालला होता. लेक त्यांना सांभाळायची, पण स्वयंपाकघरात काकूंनी कित्येक दिवसांत पाऊल टाकलं नव्हतं. कालच त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, "आपण कुणाकडे आलात?"

काकांनी मिक्सरला नव्या यंत्राच्या घड्याळावर चालायला लावलं. टकटक थांबली.

"आता काहीतरी बोला, काका."

"हॅलो, हॅलो" काकांना कधी जमलंच नाही. नवं लग्न झालेलं असताना त्यांचं एक वाक्य चुकून सगळ्या गावाने रेडिओवर ऐकलं होतं. साहेबांनी झाडलं, पण घरी पोचले तर चहा तयार. तेव्हापासून चाचणीला तेच वाक्य.

"चहा ठेव, निघालो."

निवेदिकेने कपाळावर हात मारला. तांबडा दिवा लागला होता. प्रक्षेपणाची वाट बंद करायलाच काका विसरले होते, त्यामुळे यंत्रांचं जुळलं तसं वाक्य भर गाण्यात घरोघरी पोचलं.

साहेब तरातरा आले, तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता.

"बाबा, रेडिओवर तुमचं ऐकलं आणि आई उठली! गॅसपाशी उभी आहे, साखरेचा डबा मागतेय. लवकर या ना."

काकांचा चेहरा बघून साहेबांचा आवाज उतरला. "झापायचंय तुम्हाला. उद्या झापतो. जा आता."

काका धापा टाकत घरी पोचले. दार काकूंनीच उघडलं. टेबलावर दोन कप, वर बशा झाकलेल्या.

"या, बसा," पाहुण्याशी बोलावं तसं काकू म्हणाल्या. "हे निघालेत. येतीलच इतक्यात."

काका बसले. बऱ्याच वेळाने कपाला हात लावून म्हणाले, "निवतोय."

"निवू दे. आल्यावर दुसरा ठेवीन."

काकू दाराकडे बघत होत्या. काकाही त्यांच्याबरोबर दाराकडे बघत राहिले.