डोळ्यातली खिडकी

लेन्स बदलायची की नाही, यावरून दोघी बहिणींचं गेले काही आठवडे बिनसलं होतं. बिनसलं म्हणजे भांडण नव्हे. भांडायला दोघींना आवडायचं, त्यात त्यांचा वेळही बरा जायचा. हे वेगळंच होतं. धाकटी विषय काढायची, थोरली तो हसण्यावारी न्यायची आणि मग दुपारभर स्टुडिओत दोघी एकमेकींशी जरा जास्तच नीट वागायच्या.

स्टुडिओ दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत मोठी खिडकी, तिच्यासमोर गिऱ्हाइकाला बसायचं स्टूल आणि कॅमेरा घेऊन थोरली. मागच्या खोलीत जाड पडदा, कॉम्प्युटर आणि धाकटी. थोरली फोटो काढायची. धाकटी ते निवडायची, उजळायची, छापायला पाठवायची. गावभर लोक थोरलीला ओळखत. धाकटीला ओळखायचे ते फक्त छापखान्यातले, आणि तेही फोनवरच्या आवाजावरून. तिची त्याला काही हरकत नव्हती. दिवसभर माणसांचे चेहरे मोठे करून बघायचे आणि त्यांच्याशी बोलायची मात्र वेळ येऊ नये, याहून सुखाचं काम तिला ठाऊक नव्हतं.

लेन्स होती पंच्याऐंशी मिलिमीटरची, प्राइम. म्हणजे जवळ-लांब करायची सोय नाही. चेहरा मोठा हवा तर आपणच दोन पावलं पुढे व्हायचं. कॅमेऱ्याबरोबरच घेतलेली, आणि तेव्हापासून थोरलीने ती क्वचितच उतरवलेली. पाय असताना झूम कशाला, असं ती गिऱ्हाइकांनाही ऐकवायची. फ्लॅशशी तर तिचं जुनं वैर. खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात, शटर सावकाश ठेवून, श्वास रोखून ती फोटो काढायची. लोक यायचे ते त्या उजेडासाठीच. शटरचा वेग थोडा वाढवून बघ, असं धाकटीने एकदा सुचवलं होतं, तर मग उजेड कमी पडतो, तो कॅमेऱ्यात वाढवला की फोटोत दाणे येतात, म्हणून थोरलीने ते कानाआड केलं.

या लेन्सबद्दल धाकटी म्हणू लागली होती की ती आता थकली. फोटो मऊ येतात, कडा धड उमटत नाहीत. नव्या लेन्सची काच जास्त चांगली आहे, आणि हो, तिच्यात हाताचं हलणं सावरून घेणारी यंत्रणाही असते, आपल्या कॅमेऱ्यात ती नाही. हे शेवटचं ती अगदी जाता जाता म्हणायची. खरं तर बाकीचं सगळं बोलणं त्या एका गोष्टीसाठी होतं.

कारण लेन्स ठणठणीत होती. थोरलीचा हात थरथरत होता.

धाकटीला हे कळलं ते हाताकडे बघून नव्हे. थोरलीसमोर बसलेल्या प्रत्येक माणसाच्या बुबुळात ती मोठी खिडकी उमटायची, इवलीशी, मधल्या आडव्या-उभ्या दांड्यांसकट. वर्षानुवर्षं धाकटी फोटो उघडला की आधी तिथेच जायची. दांड्या स्वच्छ दिसल्या की फोटो पास. काही महिन्यांपूर्वी एका नवरा-बायकोच्या फोटोत त्या खिडकीला शेपूट फुटलेलं दिसलं. लेन्स बिघडली असती तर खिडकी चारी बाजूंनी विरघळली असती. ही एकाच बाजूला ओढली गेली होती, ओल्या शाईवरून बोट फिरावं तशी. तो फोटो तिने काढून टाकला. पुढच्या आठवड्यात असे बरेच निघाले. तेही काढून टाकले. संध्याकाळी थोरली दारातून डोकावून नेहमीप्रमाणे विचारायची, निघाले का चांगले? आणि धाकटी म्हणायची, निघाले की.

बोलायचं तिने कितीदा तरी मनावर घेतलं होतं. पण थरथर हा शब्द त्या घरात साधा नव्हता. आईची शेवटची वर्षं तशीच गेली होती आणि तिचं सगळं थोरलीने केलं होतं. आईने चहा सांडू नये म्हणून थोरली कप अर्धाच भरायची आणि म्हणायची, आज दूध कमी आलं. धाकटी तेव्हा ते बघत असायची आणि ताईचं तिला फार कौतुक वाटायचं. माणसाला न दुखवता सांभाळणं म्हणजे काय, ते ती तिथेच शिकली. आता तिने स्वतःच्या बहिणीसाठी लेन्सचं निमित्त शोधलं होतं, आणि ते आपण प्रेमानेच करतोय याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. शंका दुसरीच होती. लेन्सने फोटो सावरतील, पण ताई डॉक्टरकडे कधी जाणार?

शेवटी तिनेच कॅमेऱ्याच्या दुकानदाराला गळ घातली. त्याने नवी लेन्स दोन दिवस वापरून बघायला दिली, वर म्हणाला की परत आणलीत तर मी मिशी उतरवीन. त्याची मिशी पाहता ही पैज मोठी होती. थोरलीने डबा उघडला, लेन्स तळहातावर तोलली आणि ही लेन्स आहे की वरवंटा असं विचारलं. पण तिचे डोळे चमकले होते. शेवटी कारागीरच ती. नवं हत्यार हातात आल्यावर किती वेळ नाक मुरडणार?

धाकटीचा हिशेब सोपा होता. ताई उद्या गिऱ्हाइकाचे चार फोटो काढेल, ते छान येतील, लेन्स राहील. पण थोरलीने तो उधळून लावला. तिने मागून कॅमेऱ्याची तिपाई आणली, समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं, आणि आधी जुनी लेन्स, मग नवी, दोन्हींनी त्या पानाचे फोटो काढले. कॅमेऱ्याला हातही लागू नये म्हणून टायमर लावून. मग ती मागच्या खोलीत येऊन थेट धाकटीच्या खुर्चीत बसली.

दोन्ही फोटोंत जाहिरातींमधली बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. अगदी कोपऱ्यात नवी सरस होती, पण कोपऱ्यात कोण जाहिराती वाचतं, असं म्हणत थोरली खूश झाली. हिला काही धाड भरलेली नाही, उगाच म्हातारीला बदनाम करतेस, असं तिने धाकटीला सुनावलं. धाकटीला म्हणता आलं असतं, बरं, राहू दे. ती तसं म्हणणारही होती. तेवढ्यात थोरली उठली.

"चल, स्टुलावर बस. पान काय, ते हलत नाही. माणसावर बघू."

त्या स्टुलावर धाकटी कित्येक वर्षांत बसली नव्हती. खिडकीचा उजेड तोंडावर आला आणि तिला एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं. समोर थोरलीने कॅमेरा डोळ्याला लावला, डावा हात लेन्सखाली नेला. इतके महिने जे तिने फक्त दुसऱ्यांच्या डोळ्यांत पाहिलं होतं, ते आता समोर होतं. लेन्सचं तोंड बारीक बारीक हलत होतं. थोरलीने श्वास रोखला तेव्हा ते थांबायला हवं होतं, ते वाढलं. धाकटीचे डोळे भरून आले. नीट बस, चेहरा पाडू नकोस, थोरलीने दटावलं, आणि फोटो काढला. मग लेन्स बदलून दुसरा.

पुन्हा मागची खोली, पुन्हा तीच खुर्ची. थोरलीने दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले आणि धाकटीचा डोळा मोठा करत गेली. नव्या लेन्सच्या फोटोत खिडकी होती, दांड्यांसकट. जुन्याच्या फोटोत खिडकीला शेपूट होतं.

थोरली एकदा या डोळ्याकडे, एकदा त्या डोळ्याकडे बघत होती. धाकटी मागे उभी होती. आता फक्त एवढंच म्हणायचं होतं, बघ, मी सांगत नव्हते? ताईने मान डोलावली असती, लेन्स घरात आली असती आणि सगळं सुरळीत झालं असतं. शब्द जिभेवर तयार होते. पण ताईने पुन्हा वर्तमानपत्राचा फोटो उघडला, जुन्या लेन्सचा, आणि त्या स्वच्छ अक्षरांकडे बघत राहिली. ताईला कोडं घालून आपण उत्तर लपवून ठेवल्यासारखं धाकटीला वाटलं, आणि ते तिला सहन झालं नाही.

"लेन्स चांगली आहे, ताई," ती म्हणाली.

थोरलीने वळून पाहिलं नाही. तिने डावा हात टेबलावरून उचलला, समोर धरला आणि दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"हल्ली किल्ली पटकन कुलपात जात नाही," थोरली म्हणाली. "मला वाटलं कुलूप खराब झालंय. तुला कधीपासून माहीत आहे?"

धाकटीने सांगितलं. काढून टाकलेल्या फोटोंचंही सांगितलं. तेव्हा मात्र थोरली खुर्ची फिरवून तिच्याकडे वळली, आणि ती चिडलेली होती. फोटो माझे होते, वाईट आले असतील तर वाईट, पण ते मला दिसायला नकोत का, असं ती म्हणाली. धाकटी कशीबशी म्हणाली की तिला ताईला दुखवायचं नव्हतं. आईचं तूही असंच केलंस ना, दुधाचं.

आईचं नाव निघाल्यावर थोरलीचा राग ओसरला. ती खिन्न झाली.

"आईला कळायचं गं," ती म्हणाली. "दूध कमी नसतं ते तिला कळायचं. एकदा मला म्हणाली, सांडू दे, पण आज पूर्ण भर. त्या दिवशी मला कळलं की ती इतके दिवस एकटीच ते जाणून बसली होती. माझं तसं करू नकोस."

धाकटीला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. थोरलीने तिला रडू दिलं. मग नाक पुस आधी, कीबोर्ड खराब होईल, असं म्हणाली.

पुढचं तिने झटपट ठरवलं. सकाळी डॉक्टर, धाकटीनेही सोबत यायचं, कारण डॉक्टरने सांगितलेलं आपल्याला धड आठवणार नाही. लेन्सचं त्यानंतर. कदाचित घेऊच, पण घ्यायची तर हातासाठी घेऊ, काचेचं नाव पुढे करून नाही. दुकानदाराची मिशी तोवर टांगणीला. आणि यापुढे रोजचे फोटो आधी ती स्वतः बघणार, सगळेच्या सगळे.

धाकटी खुर्चीत बसली आणि सवयीने आवराआवर करू लागली. वर्तमानपत्राचे फोटो काढून टाकले. मग तो शेपूट फुटलेल्या खिडकीचा फोटो आला. त्यातली ती स्वतः, घाबरलेली, डोळे भरून आलेली. तिचं बोट त्याच बटणावर गेलं.

"तो राहू दे," थोरली म्हणाली, आणि तिने आपला हात धाकटीच्या हातावर ठेवला.

हात हलत होता. धाकटीने आपला हात त्याच्याखाली तसाच राहू दिला.